अमेरिकेतली रेडिओलॉजी रेसिडेन्सी: आयआर, न्यूक्लिअर की फेलोशिप?

अमेरिकेत डायग्नॉस्टिक रेडिओलॉजी म्हणजे १ वर्ष इंटर्नशिप आणि त्यावर ४ वर्षं रेसिडेन्सी. त्यातच एखाद्या शाखेकडे वळायचं, की सगळं उरकून फेलोशिप घ्यायची? सर्वांत जास्त गोंधळ इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीबद्दल, म्हणजे इमेजिंग बघत कॅथेटर-सुयांनी उपचार करणाऱ्या आयआरबद्दल असतो.

इंटिग्रेटेड आयआरमध्ये इंटर्नशिपनंतर ५ वर्षं लागतात: पहिली ३ मुख्यतः इमेजिंगची, शेवटची २ आयआरची. ईएसआयआरमध्ये (अर्ली स्पेशलायझेशन इन इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी) ४ वर्षं डायग्नॉस्टिकचीच, पण आयआरची भरपूर पोस्टिंग, आयसीयूचा अनुभव आणि किमान ५०० प्रोसिजरची नोंद हवी. ते झालं की इंडिपेंडंट आयआर रेसिडेन्सी (डायग्नॉस्टिकनंतरची वेगळी आयआर रेसिडेन्सी) २ ऐवजी १ वर्षाची होते. इंटर्नशिप धरून दोन्हीकडे ६ वर्षंच. ईएसआयआर नसेल तर ७. प्रमाणपत्र तिन्हीकडे एकच.

म्हणजे इंटिग्रेटेडमध्ये जास्तीचं मिळतं ते जागेची खात्री. ईएसआयआरवाल्याला पुन्हा मॅचला (जागावाटपाच्या प्रक्रियेला) बसावं लागतं. तरीही, मन पक्कं नसेल तर ईएसआयआरच घ्या. मध्यरात्री मनगटातून किंवा जांघेतून कॅथेटर घालून वाहणारी धमनी कॉइलने बंद करणं कुणालाही भुरळ घालतं. पण आधीची संमती, नंतरचे राउंड, तुंबलेला ड्रेन हेही आयआरचंच काम आहे, आणि ते आपल्याला झेपतं का हे पोस्टिंग केल्याशिवाय कळत नाही.

न्यूक्लिअरच्या, म्हणजे किरणोत्सारी औषधांनी इमेजिंग आणि उपचार करण्याच्या, वाटेवर डायग्नॉस्टिकच्या याच ४ वर्षांतले १६ महिने त्या विषयाला देता येतात. जादा वर्ष लागत नाही. पेट स्कॅनवर प्रोस्टेट कॅन्सरच्या ज्या गाठी पीएसएमए या त्यांच्या पेशींवरच्या प्रथिनामुळे उजळून दिसतात, त्याच पीएसएमएला धरून किरणोत्सारी ल्युटेशियम-१७७ चे उपचार होतात. २०२२ साली त्याला एफडीएची (अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेची) मंजुरी मिळाली. ही शाखा नुसत्या रिपोर्टिंगची नाही. मला ही वाट आज फार दुर्लक्षित वाटते. मात्र इतर विषयांसाठीचे ऐच्छिक महिने तिथे खर्ची पडतात.

न्यूरो, पीडियाट्रिक, ब्रेस्ट, मस्क्युलोस्केलेटल यांना रेसिडेन्सीनंतर साधारण १ वर्षाची फेलोशिप असते. अमेरिकन बोर्ड ऑफ रेडिओलॉजीचं स्वतंत्र उपविशेष प्रमाणपत्र यांपैकी न्यूरो आणि पीडियाट्रिकलाच आहे. इथे घाई नको. सगळ्या पोस्टिंग करून मग ठरवा.

रँक लिस्ट (मॅचसाठीची पसंतीक्रमाची यादी) लावण्याआधी प्रत्येक प्रोग्रॅमला विचारा: ईएसआयआरची मान्यता आहे का, जागा किती, निवड कोणत्या वर्षी होते, आणि आधीच्या रेसिडेंटना इंडिपेंडंट जागा कुठे मिळाल्या.