अबॅकस क्लासची फ्रँचायझी, दीड वर्षानंतर: करारातली मालकीची पानं

सांगलीत अबॅकसच्या, म्हणजे मण्यांच्या पाटीवर झटपट हिशोब शिकवणाऱ्या क्लासची फ्रँचायझी घेऊन दीड वर्ष उलटलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. गोपनीयतेच्या कलमाने मी अजून बांधलेली आहे. प्रवेश किती आले, नफा किती सुटतो यावर लिहिणारे खूप आहेत. मला लिहायचंय ते ज्या पानांवर सगळे भराभर सह्या करतात त्यांबद्दल. पुस्तकं कोणाची, मॅन्युअल कोणाचं, आपण तयार केलेलं साहित्य कोणाचं आणि पालकांची यादी कोणाची.

चांगलं ते आधी. पुस्तकांची चढण फार विचारपूर्वक बांधलेली आहे. आधी मिळून पाच होणाऱ्या आकड्यांची जोडी, मग दहा होणाऱ्यांची, म्हणजे मुलांच्या भाषेत स्मॉल फ्रेंड आणि बिग फ्रेंड. कुठल्या पानावर मूल अडखळणार हे लिहिणाऱ्याला आधीच ठाऊक असावं असं वाटतं. शिक्षकांच्या मॅन्युअलमुळे नवी मुलगीसुद्धा पहिल्या लेव्हलचा तास व्यवस्थित घेते. रॉयल्टी आणि तिच्यावरचा १८ टक्के जीएसटी भरताना मी स्वतःला हेच सांगते.

मात्र पैसे नेमके कशाचे जातात हे समजून घ्या. वर एक आणि खाली चार मणी असलेला सोरोबान, म्हणजे आम्ही शिकवतो तो अबॅकस, जपानचा, आणि तो कोणाच्या बापाचा नाही. बोटांच्या हालचाली, डोळे मिटून मणी सरकवणं, हे उद्या कोणीही शिकवू शकतं. आपला १९५७चा कॉपीराइट कायदा कल्पनेला किंवा पद्धतीला कुंपण घालत नाही, ती ज्या शब्दांत आणि चित्रांत मांडली त्या मांडणीला घालतो. सुप्रीम कोर्टाने १९७८ साली आर. जी. आनंद खटल्यात हेच सांगितलं. वाद एका नाटकाचा आणि सिनेमाचा होता, तत्त्व तेच. म्हणजे कंपनीचं काय, तर छापलेली पुस्तकं, मॅन्युअल, अॅप आणि नाव-लोगो. मला फ्रँचायझी विकायला आलेले गृहस्थ 'आमची पेटंटेड पद्धत' म्हणत होते. मी पेटंटचा नंबर मागितला, तो आजतागायत आलेला नाही. येणारही नाही, कारण गणिती पद्धत आणि मनाने करायच्या क्रियेची पद्धत यांना आपल्या पेटंट कायद्यात पेटंट मिळतच नाही.

रोजच्या व्यवहारात सगळ्यात जास्त टोचतो तो झेरॉक्सचा मुद्दा. "मॅडम, थोरल्याचंच पुस्तक झेरॉक्स करून धाकटीला दिलं तर चालंल की!" हे दर जूनला ऐकायचं. चालत नाही. जाणूनबुजून उल्लंघन केलं तर कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड आहे. शिकवण्यासाठी प्रती काढायची सवलतही कायद्यात आहे, दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स दुकानाचा २०१६चा निकाल त्यावरचाच. पण आमचे वकील म्हणाले, फी घेऊन चालणारा क्लास, त्यात झेरॉक्सला मनाई असलेल्या करारावर तुमचीच सही. त्या निकालाच्या भरवशावर राहू नका. हे मान्यच. पण गेल्या हंगामात किट तीन आठवडे उशिरा आले, मुलं बसलेली आणि पुस्तकं नाहीत, तेव्हा काय? मी ई-मेलवर तात्पुरती छपाईची लेखी परवानगी मागितली आणि केंद्राचा कोड छापलेली काही पानं मिळवली. फोनवरच्या "करा हो, चालतंय" वर विसंबू नका. तो माणूस नोकरी सोडून गेला की परवानगीही त्याच्याबरोबर जाते.

आता खरी मेख. पुस्तकं इंग्रजीत. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी मी घरी बसून सरावपत्रिका बनवल्या, बाजाराच्या हिशोबातली उदाहरणं घातली. करारात एक ओळ आहे: केंद्रचालकाने केलेल्या सर्व सुधारणा कंपनीच्या मालकीच्या. मी त्यांची नोकर नाही, त्यामुळे लिहिलेल्या मजकुराची पहिली मालक कायद्याने मीच. पण हक्क लेखी करारानेच दुसऱ्याकडे जातात, आणि ही ओळ तसं लेखी देणंच आहे. पुढे जन्माला येणाऱ्या मजकुराचे हक्कसुद्धा आधीच देता येतात. मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत असं कायदा धरतो. शिवाय घेणाऱ्याने वर्षभर ते हक्क वापरलेच नाहीत, तर करारात वेगळं म्हटलेलं नसल्यास ते परत येतात. आमच्या कंपनीने माझ्या पत्रिका उघडूनही पाहिलेल्या दिसत नाहीत. तारखा लिहून फाइल जपून ठेवली आहे.

पालकांच्या यादीचं मला सगळ्यात वाईट वाटलं. नाव, नंबर, मुलाची इयत्ता हे सगळं कंपनीच्या अॅपमध्ये भरावं लागतं. गुगलवरची नोंदही त्यांच्या खात्यावर, मी नुसती मॅनेजर. पालकांनी मनापासून लिहिलेले अभिप्राय मी सोडून गेले की तिथेच राहणार. याद्यांना किंमत असते हे कोर्टानेही मानलंय. १९९५ साली दिल्ली हायकोर्टाने बर्लिंग्टन होम शॉपिंगच्या खटल्यात ग्राहकांच्या संकलित यादीला कॉपीराइटचं संरक्षण दिलं होतं. फरक इतकाच की आमच्याकडे ती यादी जमवायला दारोदार मी फिरले.

सोडल्यानंतर दोन वर्षं, पाच किलोमीटरच्या आत असा क्लास काढायचा नाही, हेही कलम आहे. करार चालू असताना अशी बंदी सुप्रीम कोर्टाने गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका-कोला या १९९५च्या निकालात मान्य केली होती. करार संपल्यावर ती, धंद्याला आडकाठी घालणारे करार रद्दबातल धरणाऱ्या कॉन्ट्रॅक्ट कायद्याच्या २७व्या कलमापुढे फारशी टिकत नाही, असं वकिलांचं मत. व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदाच नाही; विधी आयोगाने २०२४ साली अहवाल देऊन तो सुचवला, एवढंच. म्हणून सगळी मदार कराराच्या शब्दांवर. सोडून गेलेली शिक्षिका मण्यांवर शिकवू शकते. आमचं मॅन्युअल मोबाइलवर फोटो काढून नेऊ शकत नाही. माझ्या दोन्ही शिक्षिकांना मी हे साध्या मराठीत लिहून दिलंय आणि दोघींना ते रास्त वाटलं.

फ्रँचायझी घ्यावी का? शिकवायची आवड आहे पण अभ्यासक्रम बांधायला वेळ नाही, तर घ्या. पुस्तकं त्या मोलाची आहेत. स्वतः साहित्य तयार करणारे असाल, तर आधीपासून हाताशी असलेल्या साहित्याची यादी जोडपत्र म्हणून करारालाच लावून घ्या, मी तेवढं केलं होतं. दोन महिन्यांनी माझं नूतनीकरण आहे. मराठी पत्रिकांचे हक्क माझ्याकडे आणि त्यांना वापरायची परवानगी, ही दुरुस्ती त्यांनी तोंडी मान्य केली आहे. गुगलच्या नोंदीवर मात्र ढिम्म हलत नाहीत. पत्रिकांचं कलम छापून आल्याशिवाय मी सही करणार नाही.