बेल विचचा ‘मिरर रीपर’ : ८३ मिनिटं, एकच गाणं

आधीच सांगून टाकतो, बेल विच या मेटल बँडचा हा अल्बम म्हणजे एकच गाणं आहे आणि ते ८३ मिनिटांचं आहे. कंटाळा आला तर पुढच्या गाण्यावर जायची सोय नाही, पुढचं गाणंच नाहीये. सीडी घेतली तर दोन डिस्क मिळतात, कारण साध्या सीडीवर ८० मिनिटांच्या वर मावत नाही. हे वाचून ज्यांच्या तोंडून ‘बापरे’ निघालं त्यांच्यासाठीच खरं तर लिहितोय, माझंही तसंच झालं होतं. पहिल्यांदा लावला तेव्हा पंचवीसेक मिनिटांत बंद केला, झेपलाच नाही त्या दिवशी. त्यानंतर मात्र जितक्या वेळा लावलाय तितक्या वेळा शेवटपर्यंत ऐकलाय, एकदाही मध्ये उठलो नाही.

अल्बम फ्युनरल डूम या प्रकारातला आहे, ते कधीच ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. डूम मेटल मुळातच संथ, आणि हा प्रकार तर अंत्ययात्रेच्या पावलांनी चालणारा, म्हणून ते नाव. ९०च्या दशकाच्या सुरुवातीला फिनलंडमध्ये याची सुरुवात झाली, थर्गोथॉन या बँडचा ‘स्ट्रीम फ्रॉम द हेवन्स’ १९९४चा आणि स्केप्टिसिझम या बँडचा ‘स्टॉर्मक्रोफ्लीट’ १९९५चा, हे दोन ऐकले की पाया कळतो. बेल विच अमेरिकेतल्या सिॲटलची, २०१०ची, नाव टेनेसीतल्या बेल कुटुंबाच्या जुन्या भुताच्या कथेवरून घेतलेलं. माणसं दोनच. डिलन डेझमंड बेस (खालच्या, जाड सुरांची गिटार) वाजवतो आणि गातो, जेसी श्राइबमन ड्रम्स, हॅमंड ऑर्गन आणि आवाज. नेहमीची गिटार नाहीच. म्हणजे मेटल अल्बम आहे आणि अख्ख्या ८३ मिनिटांत गिटार नाही, आणि खरं सांगतो, कोणी सांगितल्याशिवाय लक्षातही येत नाही.

कारण तो बेस. सहा तारांचा आहे आणि डेझमंड तो बराचसा टॅपिंगने वाजवतो, म्हणजे तार छेडायची नाही, दोन्ही हातांची बोटं थेट फ्रेटबोर्डवर दाबून सूर काढायचे. खालच्या जाड तारेवर एक सूर धरून ठेवलेला असतो आणि वरच्या तारांवर दुसऱ्या हाताने धून चालू असते, त्यामुळे दोन माणसं वाजवताहेत असं वाटतं. सुरुवातीला नुसते बेसचेच सूर येतात, एकेक, सुटे सुटे. एक सूर येतो, थरथरत राहतो, तो पूर्ण विरायच्या आत पुढचा येतो, आणि आपण त्या वेगाला सरावतोय न सरावतोय तेवढ्यात ड्रम्स आणि डिस्टॉर्शन (मुद्दाम खरखरीत केलेला बेसचा आवाज) दोन्ही एकदम अंगावर येतात. हेडफोन लावून बसलेला माणूस तिथे दचकतोच. मला आता तो क्षण पाठ आहे तरी दरवेळी खांदे आपोआप आखडतात.

पण मला या अल्बममधलं सगळ्यात जास्त काय आवडतं विचाराल तर दोन ठोक्यांच्या मधली जागा. ड्रमचा ठोका पडतो, झांज वाजते, ती कशी वाजली, कशी पसरली, कशी बारीक होत गेली हे सगळं ऐकायला वेळ मिळतो, आणि तरी पुढचा ठोका आलेला नसतो. तुम्ही श्वास घेता, सोडता, तरी नाही. आणि मग तो येतो, आणि बरोब्बर जिथे यायला हवा तिथेच येतो. विलंबित ऐकणाऱ्याला समेची वाट बघणं माहीत असतं, तसंच काहीसं होतं इथे, फक्त समेवर ‘वा’ म्हणावंसं वाटत नाही, काहीतरी जड खाली ठेवल्यासारखं वाटतं. इतक्या हळू वाजवणं सोपं असेल असं ज्यांना वाटतं त्यांनी घरी टेबलावर तसा ठेका धरून बघावा, चार आवर्तनांत हात पुढे पळायला लागतो. श्राइबमनचा पळत नाही, आणि मी मुद्दाम कान देऊन ऐकलंय. रेकॉर्डिंग बिली अँडरसनचं आहे आणि त्याने या मोकळ्या जागा भरायचा मोह आवरलाय, त्याबद्दल त्याला वेगळे मार्क.

आता या अल्बममागची गोष्ट, ती माहीत नसतानाही संगीत पोचतं, पण माहीत असली की एक विशिष्ट भाग पुन्हा पहिल्यासारखा ऐकता येत नाही.

बँडचा आधीचा ड्रमर आणि गायक एड्रियन गेरा. डेझमंडबरोबर त्यानेच हा बँड उभा केला, ‘लाँगिंग’ (२०१२) आणि ‘फोर फँटम्स’ (२०१५) या दोन्ही अल्बमवर तोच आहे. २०१५मध्ये तो बँडमधून बाहेर पडला, श्राइबमन आला, आणि नवीन अल्बम लिहून होत असतानाच मे २०१६मध्ये गेरा वारला. मग यांनी काय केलं, तर ‘फोर फँटम्स’च्या वेळचं त्याच्या आवाजाचं जे रेकॉर्डिंग वापरलं गेलं नव्हतं ते काढलं आणि या गाण्याच्या बरोबर मध्यात बसवलं. त्या भागाचं नाव ‘द वर्ड्स ऑफ द डेड’. गाण्याच्या दोन बाजू आहेत, पहिली ‘ॲज अबव्ह’ आणि दुसरी ‘सो बिलो’, जसं वर तसंच खाली, आणि या दोन्हींच्या उंबरठ्यावर तो आवाज आहे. एका बाजूला जिवंत, दुसऱ्या बाजूला मेलेले, मधे आरसा. नावातला आरसा तो हाच असं मी तरी समजतो.

हे सगळं मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माहीत नव्हतं. नंतर दोन वर्षांनी माझा एक मित्र गेला, शाळेपासूनचा. अचानक गेला, त्यावर इथे जास्त लिहीत नाही. माझ्या फोनमध्ये त्याचा एक व्हॉइस मेसेज आहे, अकरा सेकंदांचा, “अरे पोचलो, खाली ये, आणि चार्जर घेऊन ये माझा.” एवढाच. त्यात काही नाहीये, मागे गाड्यांचे आवाज आहेत, ‘चार्जर’ म्हणताना तो थोडा हसलाय. असे त्याचे शेकडो मेसेज येऊन गेले असतील, मी कधी जपून ठेवले नाहीत, हा एक राहिला तोही चुकून. फोन बदलला तेव्हा आधी तो मेसेज नीट आलाय का बघितलं, मग बाकीचं. त्याच काळात कधीतरी गेराबद्दल वाचलं आणि त्या रात्री हा अल्बम पुन्हा लावला. मधला भाग आला, तो आवाज आला, आणि मला एकदम समजलं की उरलेलं, न वापरलेलं रेकॉर्डिंग हातात असणं म्हणजे काय. ते पुसायचं नाही, नुसतं पडूही द्यायचं नाही, त्याला एक जागा करून द्यायची. या दोघांनी ८३ मिनिटांचं घर बांधलं आणि मधली खोली त्याला दिली. मी त्या रात्री खूप रडलो आणि मग, कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच, नीट झोपलो.

त्यामुळे लोक जेव्हा विचारतात की एवढं लांब कशाला, वीस मिनिटांत सांगून झालं असतं, तेव्हा मला त्यांचं म्हणणं कळतं पण पटत नाही. माणूस गेल्यावरचा वेळ असाच जातो हो. तेच तेच परत येतं, काही घडत नाही, घड्याळ हलत नाही, आणि मग मध्येच काहीतरी येऊन आदळतं. वीस मिनिटांत ते सांगता आलं असतं, पण आपल्याला त्यात राहता आलं नसतं.

दुसरा भाग पूर्ण वेगळा आहे. इथे एरिक मॉग्रिज गातो, एरियल रुइन नावाने एकट्याने संगीत करणारा, बेल विचच्या आधीच्या अल्बमवरही पाहुणा म्हणून आलेला. त्याचा आवाज साधा, स्वच्छ, ग्राउल (घशातून काढलेला गुरगुरणारा आवाज) अजिबात नाही, जवळजवळ कुणीतरी शेजारच्या खोलीत स्वतःशीच गुणगुणतंय असा. डिस्टॉर्शन ओसरतं, बेस पुन्हा सुटा होतो, खूप वेळ तर जवळपास काहीच नसतं. पहिल्या भागाने थकलेले कान इथे निवतात. माझ्या ओळखीत एकजण आहे, मेटल कधी ऐकत नाही, तो फक्त हा दुसरा भाग ऐकतो, आणि मी त्याला कितीदा सांगितलं की पहिल्यातून चालत आल्याशिवाय दुसऱ्याची किंमत नाही, पण ठीक आहे, त्याला त्यात जे मिळतं ते मिळू दे.

आणि सगळं काही निर्दोष आहे असं नाही म्हणणार. दुसऱ्या भागात एक टप्पा असा येतो जिथे मला दरवेळी वाटतं की हे अजून एकदा फिरवायची गरज नव्हती, पाच मिनिटं कमी चालली असती. ग्राउलमधले शब्द कळत नाहीत, लिरिक्स समोर ठेवूनच ऐकावं लागतं, निदान एकदा तरी. आणि ऑर्गन, जो स्केप्टिसिझमकडे गाण्याचा कणाच असतो, तो इथे पाठीमागे ठेवलाय, मला अजून हवा होता. पण ही माझी आवड झाली. ५ पैकी ५ देतो, आणि हे विचार करून देतोय.

ऐकायचा कसा, हे मात्र कळकळीने सांगतो. फोनच्या किंवा लॅपटॉपच्या स्पीकरवर प्लीज ऐकू नका, खालचे सूर त्यातून येतच नाहीत आणि मग उरतं ते नुसतं रटाळ ढब ढब, निम्म्या लोकांना हा प्रकार आवडत नाही त्याचं कारण हेच असावं असा माझा अंदाज आहे. बरे हेडफोन किंवा मोठे स्पीकर, आवाज मध्यम, कारण शांत भाग ऐकायला वाढवलात तर पुढे कान फुटतील. काम करताना मागे लावून ठेवायचा हा अल्बम नाही. रात्री, दिवा बारीक करून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून बघा. दोनदा मी तो चालताना ऐकलाय, रिकाम्या रस्त्यावर, आणि थोड्या वेळाने पावलं आपोआप हळू पडायला लागतात, तेही करून बघण्यासारखं आहे. व्हायनल दोन रेकॉर्डचं आहे, दिसायला अप्रतिम, कव्हर मारिउश लेवांदोव्स्की या पोलिश चित्रकाराचं, तो २०२२ला गेला, आणि ते चित्र मोठ्या आकारात हातात धरून बघण्यासारखंच आहे. पण बाजू बदलायला तीनदा उठावं लागतं आणि तंद्री मोडते, म्हणून व्हायनल बघायला आणि ऐकायला डिजिटल फाइल, असं माझं चालतं.

हा आवडला तर मागे ‘फोर फँटम्स’कडे जा, तिथे गेराचा आवाज पूर्ण अल्बमभर आहे. पुढचा ‘द क्लँडेस्टाइन गेट’ २०२३चा, तोही एकच गाणं आणि जवळपास एवढंच लांब, चांगला आहे पण माझ्या मनात या अल्बमच्या शेजारी अजून बसलेला नाही. आणि ८३ मिनिटांनी सुरुवात करायची हिंमत नसेल तर आहाब या जर्मन बँडचा २००६चा ‘द कॉल ऑफ द रेचेड सी’ घ्या, ‘मोबी डिक’ या कादंबरीवर बेतलेला, वेगवेगळी गाणी आहेत, धून लगेच पकडता येते. तिथून इकडे यायला सोपं जातं.

त्या मित्राचा धाकटा भाऊ आहे, तो माझ्या संपर्कात असतो. मेटल ऐकतो, पण वेगातलं. मागे मी त्याला हा अल्बम पाठवला, गेराची गोष्ट लिहिली, आणि व्हॉइस मेसेजबद्दल पहिल्यांदाच सांगितलं, इतके दिवस सांगायचं धाडस झालं नव्हतं. तीन आठवडे काही उत्तर नाही, मला वाटलं दुखावला. मग एका रात्री उशिरा मेसेज आला, “दादा, चाळीस मिनिटांपर्यंत आलोय, पॉज केलाय. पुढचं तू आलास की ऐकू. आणि तो मेसेज पण आण.”

शनिवारी जातोय.