सॅमसंग गॅलक्सी क्वांटम २ : नावातलं क्वांटम खरं आहे, पण ते इंटरनेट नाही हो!

आधीच सांगतो, हा फोन भारतात कधी विकायलाच आला नाही. फक्त कोरियात, एसके टेलिकॉम या तिथल्या मोबाइल कंपनीच्या दुकानात, एप्रिल २०२१ मध्ये आलेला, तेव्हा किंमत ६,९९,६०० वॉन. मी कोरियात सुवॉनला राहतो आणि घरात एक जास्तीचा फोन हवा होता म्हणून सेकंडहँड घेतला. तेवढ्यावरून नाशिकचा भाचा मागे लागला, मामा तुझ्याकडे क्वांटम इंटरनेटवाला फोन आहे ना, कसा चालतो ते सांग ना. फॅमिली ग्रुपवर तर कोणीतरी "चीनसुद्धा हॅक करू शकत नाही" असंही टाकून झालं. म्हटलं आता सगळ्यांसाठी एकदाच नीट लिहावं.

फोनबद्दल पटकन उरकतो कारण त्यात विशेष काही नाही. ६.७ इंची क्वाड एचडी स्क्रीन, १२० हर्ट्झ, स्नॅपड्रॅगन ८५५ प्लस, ४५०० ची बॅटरी. स्क्रीन आजही मस्त दिसते, ऊन असलं तरी वाचता येतं. कॅमेरा ६४ मेगापिक्सेल, बरा आहे, पण कोरियन फोन असल्यामुळे फोटो काढताना खटॅक आवाज येणारच, सायलेंटवर टाका नाहीतर काहीही करा. चोरून फोटो काढू नयेत म्हणून इथे सगळ्या फोनना तसंच ठेवलेलं असतं. झोपलेल्या बाळाचा फोटो काढायचा असेल तर विसरा.

आता मुद्द्याचं. नावातलं क्वांटम ज्या चिपमुळे आलं ती आयडी क्वांटिक या जिनिव्हाच्या कंपनीची, एसके टेलिकॉमने २०१८ ला त्यांच्यात मोठी गुंतवणूक केली होती. चिप अडीच मिलिमीटर बाय अडीच मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान. तिच्यात एक बारीक एलईडी आहे आणि समोर कॅमेऱ्यात असतो तसला सेन्सर. एलईडी पेटतो, फोटॉन म्हणजे प्रकाशाचे कण सेन्सरवर पडतात, आणि कुठल्या पिक्सेलवर किती पडले हे दर वेळी थोडं कमीजास्त होतं. हे कमीजास्त होणं निसर्गातच आहे, यंत्र कितीही चांगलं बनवा ते जात नाही. ते मोजायचं आणि त्यातून शून्य-एकची माळ काढायची, झाला रँडम नंबर. म्हणजे फोनच्या आत एक फासा आहे जो खरोखरच कोणाला आधी ओळखता येत नाही.

हे चांगलंच आहे, उगाच नावं ठेवत नाही. एनक्रिप्शनची, म्हणजे माहिती कुलूपबंद करण्याची, प्रत्येक किल्ली शेवटी रँडम नंबरपासूनच बनते आणि तो नंबर अंदाज बांधण्यासारखा असेल तर पुढचं कुलूप कितीही भारी असो, उपयोग शून्य. फक्त एक आहे, साध्या फोनमध्येसुद्धा रँडम नंबर बऱ्यापैकी नीटच बनतात, त्यामुळे रोजच्या वापरात तुम्हाला फरक जाणवेल म्हणाल तर नाही जाणवणार, मला तरी एकदाही नाही जाणवला.

पण भाच्याचा प्रश्न वेगळा होता ना. हा फासा एकटाच पडतो. फोनने किल्ली बनवली, पुढे ती बँकेच्या सर्व्हरशी जुळवायची तर नेहमीचंच गणित, नेहमीचंच नेटवर्क, नेहमीचीच केबल. क्वांटम इंटरनेटमध्ये काय असतं तर फासे दोन, एक दिल्लीत एक मुंबईत म्हणा, आणि दोन्ही असे जोडलेले की दोघांवर एकच आकडा पडतो, तो आकडा टाकायच्या आधी कुठेच नसतो आणि वाटेतून पाठवलेलाही नसतो. याला एंटँगलमेंट म्हणतात. मधे कोणी नाक खुपसलं तर जुळणं बिघडतं आणि दोन्ही टोकांनी थोडे आकडे उघड ताडून पाहिले की चोरी लगेच कळते. (आणि नाही, याने प्रकाशापेक्षा फास्ट मेसेज जात नाही, आकडा काय पडेल ते तुमच्या हातात नसतं, मग मेसेज पाठवणार कसला. यूट्यूबही फास्ट होणार नाही.)

मग हे अजून घरोघरी का नाही? कारण फायबर, म्हणजे प्रकाश वाहून नेणारी काचेची केबल. नेहमीच्या चांगल्या फायबरमध्ये १०० किमी गेल्यावर शंभरातला एक फोटॉन उरतो, ५०० किमीला हजार कोटीत एक. नेहमीच्या इंटरनेटला मधे अँप्लिफायर लावतात, सिग्नल परत मोठा करतात, विषय संपला. इथे ते चालतच नाही कारण अनोळखी क्वांटम अवस्थेची कॉपी काढता येत नाही, तसा निसर्गाचाच नियम आहे. म्हणजे ज्या गुणामुळे चोर कॉपी करू शकत नाही त्याच गुणामुळे आपणही करू शकत नाही, बसा आता. उपाय म्हणजे छोट्या छोट्या टप्प्यांत एंटँगल जोड्या बनवायच्या, त्या मेमरीत धरून ठेवायच्या आणि मधल्या स्टेशनांवर एकमेकींना सांधत जायचं. त्याला क्वांटम रिपीटर म्हणतात आणि ती मेमरीच सगळ्यात अवघड आहे, धरलेली अवस्था फार लवकर सुटून जाते.

यात नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरातल्या संशोधकांचं काम मला सगळ्यात आवडतं. हिऱ्यातल्या एका बारीक दोषात इलेक्ट्रॉन पकडून त्यालाच मेमरी बनवतात. २०२१ ला त्यांनी तीन टोकांचं नेटवर्क केलं, २०२४ ला डेल्फ्ट आणि हेग ही दोन शहरं जमिनीखालच्या २५ किमी फायबरने जोडून दाखवली. दोन्हीकडून फोटॉन मधल्या स्टेशनवर येतात, तिथे डिटेक्टरने योग्य क्लिक दिला की समजायचं दोन्ही हिरे जुळले. लॅबमधल्या टेबलावर नाही, गावाखालून जाणाऱ्या केबलवर, हे महत्त्वाचं. चीनने तर २०१७ लाच मिशियस सॅटेलाइटवरून १,२०० किमी अंतरावरच्या दोन स्टेशनांना एंटँगल फोटॉन पाठवले होते, आकाशात फायबरसारखी गळती नाही ना. त्यांची किल्ल्या पाठवायची बीजिंग-शांघाय २,००० किमीची लाइन पण प्रसिद्ध आहे, पण तिच्यात मधल्या प्रत्येक स्टेशनवर किल्ली उघडी होते, म्हणजे त्या स्टेशनवरच्या माणसांवर विश्वास ठेवावाच लागतो. बातम्यांमध्ये हे दोन्ही एकाच नावाने खपवतात.

इथे कोरियातही २०२२ ला सरकारी खात्यांसाठी ८०० किमीचं क्वांटम किल्ल्यांचं नेटवर्क झालं. तेही तुमच्याआमच्या फोनपर्यंत येत नाही.

आणि आता "कोणी हॅक करू शकत नाही" वाल्यांसाठी. एप्रिल २०२५ मध्ये याच एसके टेलिकॉमच्या सर्व्हरमध्ये मालवेअर सापडला, दोन कोटींहून जास्त ग्राहकांची सिमची माहिती गेली, सगळ्यांना फुकट सिम बदलून द्यायची वेळ आली आणि ऑगस्टमध्ये सरकारी आयोगाने सुमारे १३५ अब्ज वॉन दंड ठोकला. फोनमधल्या चिपचा त्यात काही दोष नाही, पण काही उपयोगही झाला नाही. उद्या खरं क्वांटम इंटरनेट आलं तरी हे असंच राहणार, ते मधली वाट राखतं, टोकाच्या सर्व्हरवर घाण असेल तर ते काय करणार?

मग क्वांटम इंटरनेट हवंच कशाला, असं भाच्याने विचारलंच. किल्ल्या हे त्याचं सगळ्यात सोपं काम. मला वाटतं खरी मजा आहे ती लांबलांबचे क्वांटम कॉम्प्युटर जोडून एक मोठा बनवण्यात, किंवा दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर आपलं गणित सोडवून घ्यायचं पण त्याला गणित काय होतं ते कळूच द्यायचं नाही यात. आपल्याकडे २०२३ ला ६,००३ कोटींचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर झालं, त्यात २,००० किमीच्या क्वांटम कम्युनिकेशनचं टार्गेट आहे, पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतही क्वांटमचं हब आहे, तर भाच्याने फोनपेक्षा तिकडे लक्ष द्यावं.

तर घ्यावा का? फोन म्हणून साडेतीन स्टार, स्वस्तात मिळत असेल तर स्क्रीनसाठी घ्या. क्वांटमसाठी जास्तीचे पैसे देऊ नका. भविष्यातला क्वांटम कॉम्प्युटर आजची कुलपं फोडेल अशी भीती असेल तर त्याला उपाय सॉफ्टवेअरमध्ये आलाय, ऑगस्ट २०२४ ला अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने त्याची स्टँडर्ड्स जाहीर केली, सिग्नल आणि आयमेसेज ही मेसेजची अ‍ॅप्स त्याआधीच तसल्या पद्धतीवर गेलेत आणि ते कुठल्याही साध्या फोनवर चालतं. हा फोन २०२१ चा आहे, त्यामुळे सेकंडहँड घेताना चिपबिप सोडा, सेटिंगमध्ये जाऊन शेवटचा सिक्युरिटी अपडेट कोणत्या महिन्याचा आहे तेवढं बघून घ्या.