फास्टर फेणेचा सेट – पोरांना द्याच!

भाच्यासाठी फास्टर फेणेच्या पुस्तकांचा सेट घेतला, एकदम पैसे वसूल! या पुस्तकांचे लेखक भा. रा. भागवत (१९१०-२००१) यांनी 'बालमित्र' मासिक चालवलं, फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न मराठीत आणला, सगळं भारीच, पण खरी कमाल म्हणजे फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात शिकायला आलेला हा हाडकुळा बन्या, म्हणजेच फास्टर फेणे, कायम सायकलवर आणि तोंडात ते 'ट्टॉक्'! गोष्ट पहिल्या पानापासून पळायला लागते आणि पोरांना उपदेशाचे डोस अजिबात नाहीत, मला तेच सगळ्यात जास्त आवडतं. जुनं पुणं, तेव्हाच्या वस्तू जरा समजावून सांगाव्या लागतात, पण तेवढंच. मराठी वाचायला कंटाळणाऱ्या पोरांना आधी एकच द्या, पुढची ती स्वतःच मागतील.