आज्ञापालनावरचा 8 आठवड्यांचा बायबल स्टडी कोर्स: धडे मनापासून आवडले, तक्ता अजिबात नाही

गेल्या आठवड्यात हा ऑनलाइन कोर्स संपवला. दर आठवड्याला 40 मिनिटांचा एक ऑडिओ आणि सोबत वर्कबुक. घेताना धाकधूकच होती की परत हे करा ते करू नका एवढंच ऐकायला मिळणार, दोन दिवस जोश राहणार आणि मग पुन्हा जैसे थे.

पण पहिल्याच धड्यात शिकवणारे पाळक (चर्चचे धर्मगुरू) दहा आज्ञांवर आले आणि बायबलमधल्या निर्गम 20:2 लाच थांबले. मी तुला मिसर म्हणजे इजिप्त देशातून, दास्यातून बाहेर आणलं असं देव आधी सांगतो आणि आज्ञा त्याच्यानंतर सुरू होतात. इस्राएली लोकांनी आज्ञा पाळल्या म्हणून त्यांना वाट द्यायला समुद्र दुभंगला असं झालंच नाही ना, आधी सुटका आणि मग सीनाय डोंगरावर आज्ञा. लहानपणापासून पाठ असलेला अध्याय, पण हा क्रम माझ्या कधी लक्षातच आला नव्हता! 1563 ची हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी, म्हणजे प्रॉटेस्टंट विश्वास प्रश्नोत्तरांतून शिकवणारं पुस्तक, तिच्यातही 129 प्रश्नांचे तीन भाग आहेत, माणसाची दुर्दशा, मग तारण म्हणजे पापातून सुटका, मग कृतज्ञता, आणि दहा आज्ञा येतात त्या तिसऱ्या भागात. म्हणजे वाचवल्याबद्दल उपकार मानणं हेच आज्ञापालन, देवाला खूश करून वाचायचा तो मार्ग नाही.

दुसरा धडा मी तीनदा ऐकला. हिब्रूत ऐकणं आणि आज्ञा पाळणं या दोन्हींसाठी शमा हा एकच शब्द येतो. आपल्या मराठीतही तेच आहे की, आई "माझं ऐक" म्हणते तेव्हा ती काही कान तपासत नसते. इस्राएलच्या शौल राजाची गोष्ट याच धड्यात आहे (1 शमुवेल 15). अमालेकी या शत्रूंचं काहीही मागे ठेवू नको अशी त्याला देवाची आज्ञा होती. त्याने त्यांची चांगली चांगली मेंढरं मागे ठेवली आणि वर सांगतो काय, तर यज्ञासाठी ठेवलीत. शमुवेल संदेष्टा विचारतो, मग मेंढरांचं हे बेंबावणं माझ्या कानावर कसं पडतंय? तिथे मी ऑडिओ थांबवला, कारण माझीही अशी मेंढरं आहेत, प्रार्थना चालू, उपासना चालू आणि मोठ्या भावाशी चार महिने अबोला. वर्कबुकात मत्तय 5:24 होतं, आधी भावाशी समेट कर मग येऊन अर्पण दे. फोन हातात घेऊन खूप वेळ नुसती बसून राहिले. शेवटी लावला, "दादा, मी बोलतेय" एवढंच म्हणता आलं, पुढचं तोच बोलला.

आता तक्रार. वर्कबुकाच्या शेवटी 56 दिवसांचा तक्ता आहे, प्रार्थना, वाचन, उपास, दान, रोज टिक करायची. तिसऱ्या आठवड्यात माझे सात चौकोन रिकामे राहिले आणि रात्री ते बघून वाटायला लागलं की देव माझ्यावर नाराज आहे. पहिल्या धड्याने जे सोडवलं तेच या पानाने परत गळ्यात बांधलं! आणि दादाला केलेल्या फोनला त्यात रकानाच नाही. बनवणाऱ्यांनी हे पान खरंच काढून टाकावं.

पाचवा धडाही घाईत उरकलाय. रोमकरांस पत्राचा 7 वा अध्याय, जे चांगलं करावंसं वाटतं ते करत नाही आणि नको तेच करतो ही पौलाची तळमळ, जेमतेम दहा मिनिटांत संपवली, आणि जो माणूस रोज पडतो आणि उठतो त्याला सगळ्यात जास्त वेळ इथेच हवा असतो. यहेज्केल 36 मात्र नीट समजावलंय. देव दगडी हृदय काढून मांसाचं देतो आणि आपला आत्मा आत घालून आपल्याला त्याच्या नियमांनी चालायला लावतो. म्हणजे पाळायची ताकदही तोच देतो, पण फोन मलाच उचलावा लागतो, फिलिप्पै 2:12 आणि 13 एकत्र वाचलं की हे कळतं.

सहावा धडा गेथशेमानेवरचा, म्हणजे वधस्तंभाच्या आदल्या रात्री येशूने जिथे प्रार्थना केली त्या बागेवरचा. पुत्र असूनही येशू दुःख सोसून आज्ञापालन शिकला (इब्री 5:8), त्यावर पाळक फार हळू, थांबत थांबत बोलतात. हा एकट्याने ऐका, गाडी चालवताना नको.

मी हा कोर्स आता आमच्या ग्रुपसोबत परत सुरू केलाय, आठवड्याला एक धडा न घेता दोन आठवड्यांना एक. रोमकरांस पत्राचा सातवा अध्याय आम्ही स्वतःच वाचणार आहोत, पूर्ण दोन बैठका. तक्त्याचं पान मी सगळ्यांच्या वर्कबुकातून आधीच काढून ठेवलंय.