साडेआठ महिने रोजचं मनन : रात्रपाळीतल्या नर्सचा अनुभव

नाताळनंतरच्या रविवारी उपासना संपली की आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दाराशी एक टेबल लागतं. त्यावर कॅलेंडरं, डायऱ्या आणि नव्या वर्षाच्या दैनिक मननाच्या पुस्तिका असतात. पुस्तिका तळहातापेक्षा जराशी मोठी, प्रत्येक तारखेला एक पान, किंमत ८० रुपये. याआधी तीन वर्षं मी ती घेतली आणि तिन्ही वर्षं ती फेब्रुवारीत उशाखाली गेली ती गेलीच. या वर्षी सप्टेंबर अर्धा सरला तरी ती माझ्या पर्समध्ये आहे. मधले ११ दिवस सोडले तर एकही दिवस चुकलेला नाही. प्रकाशकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला जे सांगायचं आहे ते अशा कुठल्याही पुस्तिकेबद्दल खरं ठरेल असं वाटतं.

पानाची मांडणी ठरलेली. वर शास्त्रपाठाचा (त्या दिवशी वाचायच्या बायबलच्या उताऱ्याचा) संदर्भ, त्याखाली एक वचन, मग पंधरा-वीस ओळींचं मनन, दोन ओळींची प्रार्थना आणि अगदी तळाला बारीक अक्षरांत ‘आजची कृती’. पहिले दोन महिने मी ही तळाची ओळ वाचून सोडून देत होते. आज विचाराल तर सगळ्या पानात मला तीच सर्वांत मोलाची वाटते.

आधी वेळेचं सांगते, कारण माझी तीन वर्षं त्यातच गेली. मी मध्य मुंबईतल्या एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे आणि महिन्यातले निम्मे दिवस तरी रात्रपाळी असते. आमच्या घरात लहानपणापासून शिकवण अशी की देवाबरोबरचा एकांत पहाटेचा. प्रभू येशू स्वतः पहाटे, चांगलं उजाडायच्या आत उठून एकांतात जाऊन प्रार्थना करत होता असं बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात आहे. पुस्तिकेच्या पहिल्याच पानावरही तीच सूचना होती. पण पहाटे पाच म्हणजे वॉर्डात सर्वांत धावपळीची वेळ. रक्ताचे नमुने, स्पंजिंग, सहाची औषधं, मग हँडओव्हरची तयारी. दरवर्षी मी पहाटेचा हट्ट धरायचे, तो मोडायचा आणि मग अपराधी वाटून पुस्तिकाच बाजूला पडायची.

जानेवारीत बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं १३४वं स्तोत्र वाचनात आलं. तीनच वचनांचं. परमेश्वराच्या मंदिरात रात्री उभे राहून सेवा करणाऱ्यांना उद्देशून ते लिहिलेलं आहे. रात्रपाळीचे लोक देवळातही होते हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या दिवसापासून मी पहाटेचा हट्ट सोडला. सकाळी साडेआठच्या सुमाराला परळहून मुलुंडकडे जाणारी धीमी लोकल गर्दीच्या उलट दिशेला असते, त्यामुळे बसायला जागा मिळते. दादर येईपर्यंत श्वास घ्यायचा, मग पान उघडायचं, घाटकोपरपर्यंत वाचायचं, पुढे डोळे मिटून प्रार्थना. ज्यांची पाळी बदलती आहे त्यांना माझं सांगणं आहे की पुस्तिकेवर छापलेल्या वेळेपेक्षा रोज हमखास हाती लागणारी वेळ धरा.

लोकलमध्ये उघडपणे वाचायला सुरुवातीला संकोच वाटायचा. पण लेडीज डब्यात कुणी पोथी वाचतं, कुणी जपमाळ ओढतं, कुणाचा हरिपाठ चाललेला असतो. माझ्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. आणि रेल्वेचं म्हणाल तर आमच्या मराठी ख्रिस्ती इतिहासात तिला मोठा मान आहे. १८९३ साली राजनांदगावला जाताना कवी ना. वा. टिळकांना गाडीतल्या एका परदेशी सहप्रवाशानेच नवा करार दिला होता. दोन वर्षांनी, १८९५ मध्ये, त्यांनी याच मुंबईत बाप्तिस्मा घेतला. डब्यात पान उघडताना मला कधी कधी त्या गाडीची आठवण होते.

आता भाषेबद्दल. हा माझा खरा आक्षेप आहे. निम्मी मननं दुसऱ्या भाषेतून उतरवलेली आहेत हे दोन ओळींत कळतं. बर्फात अडकलेली मोटार, अंगणातलं गवत कापायचं यंत्र, बेसबॉलचा सामना, पानगळीचा ऋतू. पावसाळ्यात हिंदमाताला गुडघाभर पाण्यातून चालत ड्युटीवर जाणाऱ्या बाईला बर्फाचा दाखला कशाला? महापुरातलं नोहाचं तारू तिला न सांगता कळतं. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणलं, ते साध्या बायाबापड्यांना समजावं म्हणून. १९२२ साली त्या गेल्या, त्याआधी ते काम त्यांनी पुरं केलं होतं. ज्या भाषेत एवढे कष्ट झाले आहेत त्या भाषेत वर्षातली ३६५ पानं इथल्याच माणसांकडून लिहून घेणं अवघड नसावं. पुस्तिकेत जी पानं मूळ मराठीत लिहिलेली आहेत, एक विहिरीच्या रहाटावरचं आणि एक भाकरीच्या पिठावरचं, ती मला अजून पाठ आहेत.

मराठीचा विषय निघालाच आहे तर ज्या गोष्टीने माझं वर्ष बदललं ती सांगते. आपल्याकडे ‘ऐकणे’ या एका शब्दात दोन्ही गोष्टी येतात. पोरगं आईचं ऐकत नाही म्हणतो तेव्हा त्याच्या कानांत बिघाड नसतो. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी एकदा शास्त्राभ्यासात सांगितलं होतं की ‘हे इस्राएला, ऐक’ यातल्या ‘शेमा’ या हिब्रू शब्दातही ऐकणं आणि मानणं एकत्रच आहे. मला ते तेव्हा छान वाटलं आणि तिथेच राहिलं.

मार्चमध्ये एका पानावर याकोबाच्या पत्रातलं वचन होतं : ‘वचनाप्रमाणे आचरण करणारे असा, केवळ ऐकणारे असू नका.’ मनन साधारणच होतं. तळाची ओळ मात्र अशी होती, की आज तुमच्या कामातली कुणीही तपासत नाही अशी एक गोष्ट नीट करा.

माझ्या कामातली ती गोष्ट मला लगेच कळली, आणि ती इथे लिहायला मला जड जातंय. प्रत्येक रुग्णाच्या चार्टवर तापमान, नाडी, रक्तदाब आणि श्वासाची गती लिहायची असते. पहिल्या तिन्हींना यंत्र आहे. श्वास मात्र पूर्ण एक मिनिट छातीकडे बघत मोजावा लागतो. माणूस निवांत असताना मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. आणि मी कित्येक रात्री, रुग्ण शांत झोपलेला दिसला की न मोजता ‘२०’ लिहून पुढे जात होते. तब्येत बिघडायला लागली की पुष्कळदा सर्वांत आधी श्वासाचा वेग वाढतो, हे मी स्वतः विद्यार्थिनींना शिकवते. तरीही मी तो आकडा खोटा लिहीत होते.

त्या रात्री मी सगळे मोजले. वॉर्डात २२ रुग्ण होते. रुग्णाला कळलं की तो श्वास नकळत बदलतो, म्हणून मोजताना मनगट धरून ठेवायचं, नाडीच बघतोय असं भासवायचं, ही आमची जुनी पद्धत. २२ मनगटं, २२ मिनिटं. एका आजोबांचा २८ आला. मी आरएमओंना, म्हणजे ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरांना, कळवलं, त्यांनी तपासलं, ऑक्सिजन लावला. मोठा चमत्कार घडला असं मी म्हणणार नाही. आदल्या रात्रीचा माझा ‘२०’ खरा होता की नव्हता हे मला आता कधीच कळणार नाही, आणि ते मला प्रभूपुढे कबूल करावं लागलं.

दुसरी गोष्ट पंधरा दिवसांनी लक्षात आली. ते एक मिनिट, हात मनगटावर, नजर छातीवर, ओठ मिटलेले. मी मोजता मोजता त्या माणसासाठी प्रार्थना करायला लागले होते. शब्द नसायचे. नावही कधी कधी केस पेपरवर बघावं लागायचं. ‘निरंतर प्रार्थना करा’ असं प्रेषित पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलं, ते बारा तास उभ्या असलेल्या बाईने कसं करायचं हा माझा वीस वर्षांचा प्रश्न होता. पुस्तिकेतल्या प्रार्थनेवरच्या एकाही पानाने तो सोडवला नाही. आज्ञापालनावरच्या एका बारीक ओळीने सोडवला.

इथवर वाचून कुणी म्हणेल की मग पाच तारे द्या. थांबा, जूनचं सांगायचं राहिलं आहे.

मे महिन्यात नगरला आईला पक्षाघाताचा झटका आला. रजा मिळेल तशी मी जाऊन येऊन होते. रोज प्रार्थना केली, मंडळीने केली, माझ्या वॉर्डातल्या मावशींनी त्यांच्या देवाला केली. १९व्या दिवशी आई गेली. दफनविधी उरकून परत आले आणि गाडीत त्या तारखेचं पान उघडलं. विषय होता विश्वासाची प्रार्थना. मागूनही मिळालं नाही तर आपला विश्वास कुठे कमी पडला हे तपासून पाहावं, अशा अर्थाच्या चार ओळी होत्या. मी पुस्तिका मिटली.

ज्यांनी ते पान लिहिलं त्यांना मला नम्रपणे पण स्पष्ट सांगायचं आहे, की हे शास्त्राला धरून नाही. गेथशेमाने बागेत खुद्द प्रभू येशूने तीनदा प्रार्थना केली की हा दुःखाचा प्याला टळून जावो, आणि प्याला टळला नाही. पौलाने शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली, आणि काटा राहिला. उत्तर आलं ते ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ असं. यात कुणाचा विश्वास उणा होता? दुःखातल्या माणसाच्या हातात जाणारं पान लिहिताना हे दोन दाखले तरी समोर असायला हवे होते. माझ्या दृष्टीने ही पुस्तिकेची सर्वांत मोठी चूक आहे.

पाळकसाहेब घरी भेटायला आले तेव्हा मी त्यांना ते पान दाखवलं. त्यांनी वाचलं, बाजूला ठेवलं आणि म्हणाले, “ताई, सध्या हे राहू द्या. १३वं स्तोत्र मोठ्याने वाचा. रोज तेच.” त्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत दाविदाने देवाला चार वेळा विचारलंय, कुठवर? मी तेच वाचत राहिले. नंतर ८८वंही वाचलं. ते शेवटपर्यंत वर येतच नाही, अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. तरी ते देवालाच उद्देशून आहे आणि ते शास्त्रातून कुणी काढून टाकलेलं नाही.

त्या दिवसांत माझ्याच मनातली एक गोष्ट वर आली. मार्चपासून मी जे आज्ञापालन करत होते, त्याची आत कुठेतरी नोंद ठेवली होती. मी तुझं ऐकते, आता तू माझं ऐक. आईच्या खाटेपाशी मी जवळपास याच शब्दांत प्रार्थना केली होती. बारा दिवसांनी ड्युटीवर गेले तेव्हा पहिल्या खाटेपाशी मनगट धरून उभी राहिले आणि श्वास मोजले. १६. लिहिले. त्या बदल्यात मागण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि तरी मोजावंसं वाटत होतं. त्या रात्रीनंतर पुस्तिका पुन्हा उघडली.

बाकी किरकोळ. कागद पातळ, पावसात पर्स भिजली तेव्हा ऑगस्टची पानं एकमेकांना चिकटली. अक्षर इतकं बारीक की साठीपुढच्या माणसाला भिंग लागेल. शास्त्रपाठाचा नुसता संदर्भ दिलेला असतो, उतारा नाही, त्यामुळे बरेच जण मननच वाचून थांबतात. तसं करू नका. फोनवर बायबल असतंच, आधी तो अध्याय वाचा, मग मनन. दिवसाला सात-आठ मिनिटं जास्त लागतात. घरात कुणी शोकात असेल तर ही पुस्तिका त्यांना भेट देऊ नका, स्तोत्रसंहिता द्या. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मात्र जरूर द्या, आणि तळाची ओळ दाखवून द्या.

वाचून झालेल्या पानावर मी पेन्सिलीने कोपऱ्यात एक बारीक क्रूस काढते. जूनमधली ती ११ पानं पुढे जुलैत मी एका सुट्टीच्या दिवशी बसून वाचून काढली. त्यांतली दोन-तीन चांगली होती. खूण मात्र एकावरही केलेली नाही.