कळसूबाईला जाताय? मग जेवण बारीतच सांगून ठेवा

शिमगा झाल्यावरच्या शनिवारी आमची कॉलेजची गँग कळसूबाई करून आली. ट्रेकची माहिती नेटवर ढिगाने आहे त्यामुळे ती परत देत नाही, मला लिहायचंय ते पायथ्याच्या बारी गावात घरगुती जेवण मिळतं त्याबद्दल. कारण हल्ली सगळे पॅकेज घेऊन जातात, माणशी हजार-बाराशे मोजतात, आणि 'ऑथेंटिक व्हिलेज लंच'च्या नावाखाली टेम्पोतून आणलेली गार पुरीभाजी खातात. आम्हीपण खाल्लीय एकदा एका ग्रुपबरोबर, नाव नको.

यावेळी सगळं आपलं आपण. रात्रीची शेवटची कसारा लोकल, तिथून आधीच सांगून ठेवलेली जीप, घोटीमार्गे बारी. जीपवाला ठीकठाक, फक्त मागच्या सीटवर चौघांच्या जागेत सहाजण कोंबतो आणि वर म्हणतो, थंडी वाजणार नाही. मार्चमध्ये, बरं का.

गावातली बरीच घरं जेवण देतात, आमचं घर वाटेवरच होतं. पहाटे पोचलो तर मावशी उठलेल्याच होत्या, कोरा चहा झाला आणि लगेच मुद्द्याचा प्रश्न, भाकऱ्या किती? आम्ही म्हटलं दोन-दोन धरा. "दोन म्हणता आन उतरल्यावर पाच खाता, नीट सांगा, पीठ आत्ताच काढून ठेवते." हे मला फार आवडलं, अंदाजपंचे काही नाही, वर जायच्या आधी मुंड्या मोजून ऑर्डर.

वर जाण्याबद्दल एवढंच सांगतो, मार्चमध्ये उजाडायच्या आत निघा. डोंगराची सोंड, म्हणजे जिच्यावरून वाट चढते ती धार, पार उघडी आहे, सावली म्हणाल तर खालच्या टप्प्यात जी काय झाडं आहेत तेवढीच, आणि अकरानंतर लोखंडी शिड्यांच्या कठड्याला हात लावला की चटका बसतो. पण याच दिवसांत पळस फुललेला असतो, काटेसावरीला एक पान नाही नुसती लाल फुलं, कुसुंबाची कोवळी पालवी तर अशी तांबडी की आमच्यातल्या एकाला तीच फुलं वाटली. पावसाळ्यात येणाऱ्यांना यातलं काहीच दिसत नाही, त्यांना दिसतं ढग आणि पुढच्याची रेनकोटवाली पाठ.

माथा 1646 मीटर, महाराष्ट्रात याच्यावर काही नाही. समोर अलंग-मदन-कुलंग हे किल्ले आणि दुसरीकडे भंडारदऱ्याचं पाणी. खरं सांगायचं तर हवा धुरकट असते या दिवसांत, फोटो डिसेंबरसारखे येणार नाहीत. वाटेत टपऱ्यांवर ताक, लिंबू सरबत, भजी मिळतात, खालच्यापेक्षा महाग असतात, पण तो माणूस पाण्याचे कॅन पाठीवर घेऊन चढलेला असतो त्यामुळे तिथे घासाघीस करू नका यार. शेवटच्या शिडीखाली विहीर आहे पण उन्हाळ्याकडे तिच्या भरवशावर राहू नका.

आता जेवण. नागलीची म्हणजे नाचणीची भाकरी, पिठलं, खुरासणीची म्हणजे कारळ्याची चटणी, आमटी-भात, कांदा, मिरचीचा ठेचा. मी चुलीजवळच बसलो होतो म्हणून पाहिलं, मावशी परातीत गरम पाण्याने पीठ मळतात, थापून तव्यावर टाकली की वरून ओला हात फिरवतात आणि मग उलटून, शेवटी काढून चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यासमोर उभी करतात, तिथे ती टम्म फुगते. कडेला थोडी राख लागते ती फुंकून ताटात. पिठलं घट्ट, लसूण भरपूर. खुरासणीची चटणी पहिल्या घासाला कडवट लागते, तिसऱ्या घासानंतर मागून घ्याल. मी चार भाकऱ्या खाल्ल्या, म्हणजे मावशीच बरोबर होत्या.

तक्रारीपण आहेत. तवा एकच, त्यामुळे मोठा ग्रुप असेल तर निम्मे जेवून आडवे होतात तरी उरलेले वाट बघत बसलेले. भात जरा गिचका झाला होता. आणि संडास घरापासून लांब आहे, मुलींनी हे आधी विचारून घ्या. रोख पैसे ठेवा, आम्ही गेलो तेव्हा नेटवर्क गायब होतं आणि गुगल पे गोल गोल फिरत बसलं.

अजून एक, ताटं आपली आपण घासायची. आमच्यातला एकजण कुरकुरला तेव्हा मावशींनी हसत कळसूबाई देवीची गोष्ट सांगितली, की कळसू नावाची पोरगी पाटलाच्या घरी कामाला राहिली ती अट घालूनच, केर काढणार नाही न भांडी घासणार नाही, आणि लोकांनी तेच काम सांगितलं तशी ती निघून डोंगरावर गेली ती कायमची. "तवापासून इथं कुणी कुणाची भांडी घाशीत नाय" असं म्हणून राख आणि काथ्या पुढे केला. आता ही शेवटची ओळ त्यांनी आमच्यासाठीच जोडली असणार, पण बोलायला तोंड राहिलं नाही, गपचूप घासली.

शाकाहारी ताट आम्हाला दीडशेला पडलं, पोटभर, चहा त्यातच. गावठी कोंबडी हवी असेल तर आदल्या दिवशी फोन करून सांगावं लागतं, ऐनवेळी पोचून मागाल तर मिळणार नाही. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा त्या भातापायी कापला. शक्यतो मधल्या वारी जा, रविवारी शिड्यांवर रांग लागते, आणि नवरात्रात देवीची यात्रा असते तेव्हा तर निवांत जेवणाची आशाच सोडा.